दीडशे यार्ड कुणाचे?

काणकोण,
ऑक्टोबरचा पहिला आठवडा

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘बाबा, गोल्फच्या सरावाच्या रेंजवर सात नंबरच्या क्लबने दीडशे यार्ड मारले, आता स्वतःचा सेट घेऊ ना? कुठला घेऊ?’ मेसेजमध्ये एवढं विचारून तू मोकळी झालीस. फोनवर सांगून संपेल असं उत्तर नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. आईचं म्हणणं, पोरीने साधा प्रश्न विचारला तर हो किंवा नाही सांगावं, बँकेतल्यासारखी फाइल उघडू नये. मी म्हटलं, अर्ज आलाय तर छाननी नको?

तर छाननी. त्या दीडशे यार्डांतले तुझे किती, कारखान्याचे किती आणि बंगळुरूच्या हवेचे किती, ते आधी बघू. सेटचं त्यातूनच ठरेल.

तू रेंजवरच्या नव्या काठ्यांनी, म्हणजे क्लबांनी, खेळतेस. माझा सेट वास्कोच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलेला, वयाने तुझ्याहून मोठा. दोन्हींच्या तळाला ७ कोरलेलं आहे आणि साम्य तिथेच संपतं. माझ्या सात नंबरचं तोंड ३८ अंश मागे कललेलं आहे. आज नवशिक्यांसाठी म्हणून जे सेट विकतात त्यांत सात नंबर बहुधा २८ ते ३० अंशांचा असतो. आठ-दहा अंश म्हणजे जुन्या हिशेबाने दोन क्लबांचा फरक, आणि नंबर जितका लहान तितका चेंडू लांब. तुझा सात जे करतो ते माझ्या पिशवीत पाच नंबर करतो, आणि पाच नंबरने दीडशे मारणाऱ्या माणसाला कुणी पेढे वाटत नाही.

कंपन्या लबाडी करतात असं मला म्हणायचं नाही. नव्या क्लबचं वजन तळाशी आणि मागे सरकवलेलं असतं, त्यामुळे कमी कोनातूनही चेंडू उंच चढतो. कोन जुनाच ठेवला असता तर तो नुसता आभाळात गेला असता. कारण खरं आहे. पण दुकानात आपला जुना सात आणि त्यांचा नवा सात शेजारी शेजारी मारून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी ही गोष्ट आधी सांगत नाही, हेही खरं आहे. पुढची गंमत बघ. सगळे कोन असे खाली आणले की पिचिंग वेज, जवळून उंच मारायचा क्लब, ४३-४४ अंशांवर येतो. सँड वेज मात्र ५६ च्या आसपासच राहतो, कारण वाळूतून बाहेर यायला तेवढा कोन लागतोच. मधे बारा अंशांचा खड्डा पडतो. तो बुजवायला गॅप वेज नावाचा आणखी एक क्लब घ्यायचा. आधी डोंगर कापायचा आणि मग भराव विकायचा, हा धंदा गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता हवा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून वर आहे, म्हणजे तीन हजार फूट. तिथली हवा विरळ, चेंडूला अडवते कमी. ढोबळ हिशेब असा की हजार फुटांमागे अंतर एक टक्क्याहून थोडं जास्त वाढतं. तीन हजारांना साडेतीन टक्के धर. दीडशेवर पाच यार्ड झाले. राजबागला, आपल्या इथल्या कोर्सवर, ते पाच यार्ड कापून घेतले जातील, पावती मिळणार नाही. इथल्या उकाड्याने त्यातले थोडेफार परत येतील, कारण तापलेली हवाही विरळच असते.

क्लबहाउसमध्ये बसलेला कुणीतरी तुला सांगेलच की गोव्याची हवा दमट, म्हणून जड, म्हणून चेंडू जात नाही. मान डोलाव आणि विसरून जा. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, तेव्हा दमट हवा उलट किंचित विरळ असते. फरक इतका बारीक की तुझ्यामाझ्या खेळात तो दिसणारही नाही. दमटपणा अडवतो तो हाताला. तिसऱ्या होलला, म्हणजे खेळाच्या तिसऱ्याच टप्प्याला, ग्लोव्ह भिजतो, क्लब मुठीत फिरायला लागतो आणि माणूस घट्ट आवळून धरतो. घट्ट धरला की मनगट मेलं, खांदे वर चढले, फटका संपला. अंतर तिथे जातं आणि बोल हवेला.

म्हणून पहिला खर्च ग्रिपवर कर. नवा सेट घे किंवा जुना, हाताला लागते ती फक्त ग्रिप. सुताचे धागे घातलेली रबरी ग्रिप मिळते, थोडी खरखरीत असते, पण घामात सरकत नाही. चामड्याचा एकच भारी ग्लोव्ह घेऊन तो जपत बसण्यापेक्षा साधे दोन घे, होल बदलला की ग्लोव्ह बदल आणि ओला पिशवीला बाहेरून लटकव. पावसाळ्यात चामड्याचा ग्लोव्ह आपल्या घरात आठवडाभरात बुरशी धरतो, तू पाहिलं आहेस. पावसासाठी कृत्रिम कापडाचे ग्लोव्ह येतात, ते भिजल्यावर उलट जास्त पकडतात. आणि तुझे हात आजीसारखे लहान आहेत, म्हणून डाव्या हाताच्या तर्जनीत उजव्या हाताची करंगळी अडकवून धरून बघ. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स दोघेही तसंच धरतात. करंगळी नुसती वर ठेवण्याची पद्धत हॅरी व्हार्डनच्या नावाने चालते. तो सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकला, पण त्याचे पंजे भले मोठे होते. सहा वेळा जिंकला म्हणून त्याचा पंजा आपल्याला बसेल असं नाही.

मग सेट? अर्धा घे. नियमाने पिशवीत चौदा क्लब चालतात. हा आकडा अमेरिकेत १९३८ साली ठरला, त्याआधी काही खेळाडू पंचवीस-तीस काठ्या कॅडीच्या खांद्यावर लादून हिंडत. चौदा ही वरची मर्यादा आहे, खालची नाही. १९१६ साली चिक एव्हान्स नावाच्या हौशी खेळाडूने सात लाकडी दांड्यांवर यूएस ओपन जिंकलं, व्यावसायिकांना मागे टाकून. तुला एक हायब्रिड (लोखंडी क्लब आणि वुड यांच्या मधला), सहा आणि आठ नंबर, पिचिंग वेज, सँड वेज, होलात चेंडू ढकलायला पटर आणि टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारायला कमी लांबीचा एक वुड (जाड डोक्याचा क्लब) पुरे. ड्रायव्हर, सगळ्यांत लांब मारायचा क्लब, इतक्यात नको. त्याच्या डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटिमीटरपर्यंत चालतं आणि दुकानदार ते हातात देऊन म्हणतात, ‘एवढ्या मोठ्याने चुकणार कसं?’ चुकतं. डोकं मोठं असलं तरी दांडा सगळ्यांत लांब असतो, आणि लांब दांडा चूकही लांबवर नेऊन टाकतो.

कमी क्लब हातात असले की अर्धा फटका, पाऊण फटका आपोआप शिकावा लागतो. एकशे दहा यार्डांचा क्लबच पिशवीत नसला तर आठ नंबर थोडा खाली धरून हळू मारायचा. हे ज्याला येतं त्याला वाऱ्यात खेळता येतं. पूर्ण सेटवाल्याला प्रत्येक अंतराला एक क्लब आणि एकच पूर्ण जोराचा फटका ठाऊक असतो. वारा सुटला की तो पिशवीकडे बघत राहतो.

‘लेडीज सेट’ असं लिहिलंय म्हणून घेऊ नकोस आणि तसं लिहिलंय म्हणून टाळूही नकोस. शाफ्टवर एल, ए, आर, एस अशी अक्षरं असतात, ती शाफ्ट किती वाकतो हे सांगतात. तो निवडायचा तुझ्या फटक्याच्या वेगावर. शाळेत तू फुटबॉल खेळायचीस, कमरेत आणि पायांत ताकद आहे, तेव्हा एल तुला कदाचित फारच लवचीक वाटेल. दोन्ही मारून बघ. शाफ्ट ग्रॅफाइटचा घेतलास तर गोव्यात आणल्यावर गंजणार नाही. माझे लोखंडी दांडे दर पावसाळ्यात तेलाच्या फडक्याने पुसत बसावे लागतात आणि आई विचारते, घरातल्या खिडक्यांच्या गजांनी काय पाप केलंय.

चेंडू स्वस्तातले दोन थरांचे घे. ज्या दिवशी तुझा चेंडू ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर, पडून मागे येईल त्या दिवशी महागाचे घेऊन देईन. तोपर्यंत निम्मे तळपणच्या बाजूच्या झाडीत जाणार, काही कावळे उचलणार. थट्टा नाही, कावळे खरंच उचलतात. उचलताना कुणी पाहिलं असेल तर त्याच जागी दुसरा चेंडू ठेवून फुकट खेळता येतं. शोधायला मात्र २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची.

तुझ्या दुसऱ्या ओळीत एक गोष्ट घाईत येऊन गेली, ‘थोडा उजवीकडे जातो, पण चालतं.’ चालत नाही. बंगळुरूच्या रेंजवर चालतं, कारण तिथे उजवीकडेही रेंजच असते.

आधी उजवीकडे का जातो ते बघ. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की क्लब ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने चेंडू निघतो आणि तोंड जिकडे असेल तिकडे शेवटी वळतो. रडारने फटके मोजायला लागल्यावर उलट निघालं. चेंडू निघताना मुख्यतः क्लबच्या तोंडाची दिशा धरतो, आणि तोंड व क्लबचा मार्ग यांत जो फरक असेल त्याने पुढे वळतो. तोंड मार्गाच्या मानाने उघडं, तर उजवीकडे वळणार. आता बहुतेक माणसं काय करतात, चेंडू उजवीकडे जातो म्हणून उभं राहतानाच डावीकडे नेम धरतात. क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो, फरक वाढतो, चेंडू आणखी वळतो. पुढच्या रविवारी ते आणखी डावीकडे उभे राहतात. आमच्या गटात एकजण असा आहे की त्याच्या उभं राहण्याच्या दिशेवरून तो घरी निघालाय असं वाटतं. तू असं करू नकोस. क्लब धरल्यावर खाली बघ, डाव्या हाताच्या मुठीच्या मागच्या दोन गाठी दिसतात का. एकच दिसत असेल तर मूठ किंचित उजवीकडे फिरवून धर. आठवडाभर विचित्र वाटेल. आणि धरायचं ते भुरभुर पावसात छत्री धरतो तेवढ्याच जोराने.

हे आत्ताच सांगतोय कारण राजबाग तुझा हा दोष आधी झाकेल आणि मग चव्हाट्यावर मांडेल. खारे वारे आणि मतलई वारे तू भूगोलात पाठ केलेस, मार्क घेतलेस आणि सोडून दिलेस. इथे ते रोज कामावर असतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे मतलई डोंगराकडून समुद्राकडे जातो, अगदी हलका, अंगाला लागेल न लागेल असा. सकाळी मधेच तो पडतो आणि तासभर पानही हलत नाही. तो तास खेळायला सोन्याचा. मग जमीन तापते आणि साधारण अकराच्या सुमाराला खारा वारा सुटतो. दुपारी तो एवढा भरतो की टीवर चेंडू डुलायला लागतो.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दक्षिणेकडे खेळत असशील तेव्हा समुद्र उजव्या हाताला, खारा वारा उजवीकडून. तुझा उजवीकडे वळणारा चेंडू वारा परत आत ढकलेल आणि तो सरळ पडेल. तुला वाटेल बाबांनी मुठीबद्दल उगाच लिहिलं. मग कोर्स वळतो, तू उत्तरेकडे तोंड करतेस, तोच वारा आता डावीकडून, आणि तोच फटका दुप्पट वळून माडांत. फटक्यात काहीच बदललेलं नसतं. राजबागला ग्रीन नऊच आहेत, पण दुसऱ्या फेरीला टी बदलतात, म्हणजे तोच होल वेगळ्या अंतराने आणि तोवर बदललेल्या वाऱ्यात खेळावा लागतो. सकाळच्या फेरीत मनात लिहून ठेवलेले आकडे दुसऱ्या फेरीत पुसून टाकायचे.

वारा बघायचा कुठे? ग्रीनवरच्या झेंड्याकडे सगळेच बघतात. तो जमिनीपासून माणसाच्या उंचीचा वारा सांगतो. चेंडू त्याच्या कितीतरी वरून जातो. म्हणून माडांची चुडतं बघ. झेंडा गप्प आणि वरची चुडतं एका बाजूला वळलेली, असं इथे नेहमी दिसतं. अशा वेळी माडाचं खरं मानायचं. गवत उपटून उडवून बघण्याचा अभिनय टीव्हीवर छान दिसतो, पण तेही हाताच्या उंचीचंच उत्तर देतं.

समोरून वारा असला की पोटातून एकच आज्ञा येते, जोरात मार. जोरात मारलं की बॅकस्पिन, म्हणजे चेंडूची उलटी गिरकी, वाढतो, त्यात समोरचा वारा चेंडूला आणखी उचलतो, चेंडू वर चढतो, तिथे क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि सरळ खाली येतो. आपल्याला वाटतं, काय सुंदर फटका, आणि तो वीस यार्ड अलीकडे पडलेला असतो. त्याऐवजी एक-दोन नंबर जास्त लांब मारणारा क्लब घे (सातच्या जागी सहा किंवा पाच), बोटभर खाली धर, चेंडू नेहमीपेक्षा थोडा उजव्या पायाकडे ठेव आणि फटका खांद्याच्या उंचीलाच संपव. फटका हळू, चेंडू खालून. शेजारचा माणूस हसला तर हसू दे. आणि एक हिशेब लक्षात ठेव, समोरचा वारा जेवढं काढून घेतो तेवढं पाठचा वारा परत देत नाही. पाठून वारा आहे म्हणून दोन नंबर कमी अंतराचा क्लब काढणारे पाण्यात जातात.

कपड्यांविषयी विचारलंयस. कॉलरचा शर्ट, टोपी, उन्हात बाह्या लांब, बस. बुटांवर मात्र पैसे घाल. ओल्या उतारावर पाय सरकला की कंबर जाते, माझी विचार. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, उन्हात नाही.

फटक्याच्या ढंगाविषयी जास्त बोलायला हवं, कारण तू फोनवर सारखी चित्रफिती बघतेस असं तुझा भाऊ सांगत होता. बघ, पण नक्कल करू नकोस. जिम फ्युरिकचा फटका शोधून बघ. क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि वर गिरकी घेऊन भलत्याच वाटेने खाली येतो. कुठलाही शिक्षक पहिल्या दिवशी सुधारायला घेईल असा. त्याला शिकवलं त्याच्या वडिलांनी, आणि त्यांनी तो बदलू दिला नाही. २००३ साली तो यूएस ओपन जिंकला आणि २०१६ साली त्याने एक फेरी ५८ फटक्यांतच संपवली, अमेरिकेच्या व्यावसायिक पीजीए टूरवर त्याहून कमी फटक्यांत कुणीच संपवलेली नाही. चेंडूला लागण्याच्या क्षणी क्लब दर वेळी त्याच जागी येतो, बाकी वरचा नाच त्याचा त्याला. तुझ्या फटक्यात मी दोनच गोष्टी बघणार आहे. मूठ, आणि लय. चांगल्या खेळाडूंच्या फिती मोजल्या तर क्लब वर जायला जो वेळ लागतो तो खाली यायला लागणाऱ्या वेळेच्या साधारण तिप्पट निघतो, मग खेळाडू सावकाश असो की घाईचा. तू वर नेतानाच घाई करतेस. तू भात वाढतानाही घाई करतेस, पण तो वेगळा विषय.

लांब मारण्याचं वेड लागलंच आहे तर तुझ्याच गावातली अदिती अशोक बघ. २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेली तेव्हा अठरा वर्षांची होती आणि बॅग वडिलांनी उचलली होती. टोकियोला आईने उचलली. तिथे तिचे ड्राइव्ह सोबतच्या खेळाडूंच्या बरेच मागे पडत होते, आणि तरी ती चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने हुकलं. हे सगळं पटिंगवर आणि ग्रीनजवळच्या खेळावर. हे वाचून दाखवल्यावर आईचा प्रश्न, ‘मग बॅग आता मी उचलायची?’ मी उत्तर दिलेलं नाही.

तर पटर. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा जवळजवळ ४३. अडीच चेंडू शेजारी शेजारी मावतील एवढी जागा. पण चेंडू वेगाने आला तर कडेला लागून बाहेर जातो, म्हणजे जेवढं जोरात मारशील तेवढा होल लहान. रोज संध्याकाळी हॉलमधल्या चटईवर तीन फुटांवरून मार. रेंजवरच्या शंभर ड्राइव्हपेक्षा तेच जास्त कामाला येईल. आपल्याकडच्या उष्ण हवेत ग्रीनवर बहुधा बर्म्युडा गवत असतं. चवथीला गणपतीला वाहतो त्या दूर्वेच्याच कुळातलं, संकर करून बारीक केलेलं. दूर्वा कशी जमिनीसरशी एका दिशेने पसरते ते तू अंगणात पाहिलं आहेस. ग्रीनवरही तसंच. गवत चमकदार दिसतंय त्या दिशेने मारलास तर चेंडू पळतो, काळपट दिसतंय तिकडे मारलास तर अडखळतो. शंका आली तर होलची कड बघ. ज्या बाजूची कड विरलेली, त्या बाजूकडे गवत वाढतंय. बंगळुरूत कुठलं गवत आहे ते तिथल्या माळ्याला विचार. शिक्षकापेक्षा माळी खरं सांगतो.

पावसाळ्यात मी खेळत नाही असं सगळ्यांना वाटतं. खेळतो, जुलै सोडून. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाऊस टाळून खेळायचं म्हटलं तर सेट विकून टाकावा. ओल्या गवतातून मारताना चेंडू आणि क्लबच्या तोंडामधे पाणी येतं, बॅकस्पिन कमी होतो आणि चेंडू ग्रीनवर थांबत नाही, म्हणून अलीकडेच टाकायचा. स्वतःच्याच खळग्यात रुतला तर उचलून पुसून शेजारी टाकता येतो, २०१९ पासून रफमधेही, म्हणजे कडेच्या उंच गवतातही. साचलेल्या पाण्यातूनही फुकट सुटका. बंकरमधली वाळू पावसाने दगडासारखी बसते. तिथे जाड तळाचा सँड वेज आपटून उसळतो आणि चेंडूच्या डोक्यात बसतो, तेव्हा पिचिंग वेज वापर. आणि झाडाखाली हुमल्यांच्या, म्हणजे लाल मुंग्यांच्या, जवळ चेंडू गेला तर शौर्य दाखवू नकोस. चावणाऱ्या मुंग्या, साप, मधमाश्या असल्या तर नियमच सांगतो, लांब जाऊन खेळा, दंड नाही.

विजेबद्दल मात्र थट्टा नाही. आत्ता ऑक्टोबरात दुपारी तीननंतर घाटाच्या बाजूने काळं येतं. समुद्राकडे लख्ख ऊन असतं, म्हणून बाहेरचे पाहुणे खेळत राहतात. मोकळ्या मैदानात हातात लोखंडी काठी धरून उभा असलेला माणूस म्हणजे काय ते मी लिहायला नको. गडगड ऐकू आली की खेळ बंद, छत्री बंद, माडाखाली उभं राहायचं नाही, इमारतीत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडायचं नाही. विजेच्या भीतीने खेळाडूने स्वतःहून थांबायला नियमाची पूर्ण मुभा आहे. टोकियोला अदितीच्या शेवटच्या फेरीतही वादळामुळे खेळ थांबवला होता, तिथे तर पदक दारात होतं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण गोव्यात या खेळाचं नाव काढलं की कुणीतरी तेरेखोलच्या नियोजित गोल्फ कोर्सचं नाव काढतंच, आणि काढावंच. गावाची जमीन जाणार असेल तर लोक कोर्टात जाणारच. मी खेळतो म्हणून त्यांच्या विरुद्ध बाजूला उभा आहे असं कुणी धरू नये. नऊ ग्रीन हिरवे ठेवायला एप्रिलमध्ये किती पाणी जातं ते मी डोळ्यांनी बघतो, आणि पलीकडच्या वाड्यावर तेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो. आहे तो कोर्स पुरे, हे माझं मत आहे आणि आमच्या गटात ते फारसं कुणाला आवडत नाही.

अर्धा सेट सावकाश घे, पण दिवाळीला येशील तेव्हा क्लब विकत घेऊन आणू नकोस. माझ्याच पिशवीतून खेळू, सम नंबर तुझे, विषम माझे. एकमेकांचे क्लब वापरायला नियमाची मनाई आहे म्हणून ही वाटणी. पटर मात्र घरात दोन आहेत. तुला सात मिळणार नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सहा नंबर घे, माझा सहा ३४ अंशांचा आहे, तुझ्या हातातल्या सातपेक्षा त्याचं तोंड जास्तच उघडं आहे. सकाळी सातला निघू, मतलई पडायच्या आत पहिले तीन होल झाले पाहिजेत. मग नऊनंतर चावडीला, काणकोणच्या बाजारात, मिसळ-पाव, मग घरी.

येताना डाव्या हाताचे दोन ग्लोव्ह आण, माझ्या मापाचे, तिकडे जास्त प्रकार मिळतात. आईला कॉफी पावडर हवीय, चिकोरी न घातलेली. पोहे भिजवण्याच्या आधी बस चावडीला पोचेल अशी बघ, आणि तिकीट आत्ताच काढ, दिवाळीत रात्रीच्या बसमध्ये शेवटची सीट मिळते आणि मग तू माझ्याशी कंबरेबद्दल बोलशील.

तुझा,
बाबा